टायमिंगभाऊ

दारव्ह्यात पूर्वी कोणी कोणाला नक्की वेळ विचारत नसे. गावाला शकुंतलेची सवय होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि घाई हा प्रकारच ठाऊक नसलेली गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यापुढं १९९४ पर्यंत होतं. मग डिझेलचं आलं, पण चाल तीच राहिली. मोतीबाग स्टेशनावर 'गाडी येते का?' असं विचारलं की 'येईन नं बाप्पा' एवढं उत्तर मिळायचं. किती वाजता, हा भाग त्या उत्तरात नसायचा. आता तर गाडीच बंद आहे.

अशा गावात सेकंद मोजणारा माणूस निपजावा, हा एक तर निसर्गाचा विनोद आहे, नाही तर शकुंतलेवर घेतलेला सूड.

टायमिंगभाऊ हे कोणा एका माणसाचं नाव नव्हे. आमच्याकडे असे तीन-चार आहेत, शेजारच्या तालुक्यात आणखी असतील, आणि तुमच्या गावात नसतील तर मला नवल वाटेल. मी सगळ्यांची मोट बांधून एकच माणूस केला आहे, म्हणजे कोणी एकटा माझ्या दारात भांडायला यायचा नाही. आलेच तर सगळे मिळून येतील, आणि कितव्या मिनिटाला पोचले ते आधी लिहून ठेवतील.

तर टायमिंगभाऊ. वय ६३. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. पाय तुरीच्या काडीसारखे आणि पोट मात्र अजून सेवेत. अंगात कुठल्यातरी सिमेंटच्या जाहिरातीचा टी-शर्ट, पायात जावयानं पुण्याहून पाठवलेले पोपटी बूट, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळ. उजवीकडचं उपग्रहाशी बोलणारं, डावीकडचं लग्नातलं एचएमटी. दोघांवरही त्यांचा विश्वास नाही. विश्वास फक्त वहिनींच्या हातातल्या मोबाईलवर, पण त्यांच्याविषयी पुढं.

शासनानं त्यांना ५८ व्या वर्षी घरी पाठवलं याचं त्यांना अजून वाईट वाटतं. 'शकुंतलेचं इंजिन सत्तर वर्षं कामावर होतं भाऊ,' ते सांगतात, 'त्याले कोणी म्हटलं नाही का तुमची जन्मतारीख पाहू म्हणून.' निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी गॅलरीत बसून, समोरून जाणारी माणसं कोणत्या कामाला चालली असतील याचा अंदाज बांधण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी इंग्लंडातून भाचा सुटीवर आला आणि त्यानं पार्करनची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट टायमिंगभाऊंच्या तोंडून ऐकावी. ते ती आमसभेचं इतिवृत्त वाचावं तशी सांगतात. २ ऑक्टोबर २००४. 'गांधी जयंती,' इथं ते थांबतात, जणू इंग्रजांनी तारीख मुद्दाम निवडली. लंडनजवळचं बुशी पार्क. पॉल सिंटन-हेविट नावाचा गृहस्थ. स्वतःला दुखापत, धावता येत नाही, म्हणून तो नुसता घड्याळ घेऊन उभा राहिला. धावणारे १३. अंतर ५ किलोमीटर. पैसे शून्य. रेषा ओलांडली की क्रमांक कळावा म्हणून हातात द्यायला हार्डवेअरच्या दुकानातले वायसर, त्यांच्यावर आकडे ठोकलेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. आज जगभर दर शनिवारी लाखो माणसं हेच करतात. पहिल्या आलेल्याला विजेता म्हणत नाहीत, नुसतं 'पहिला पोचलेला' म्हणतात. आणि सगळ्यांच्या मागं एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे दुसऱ्या कोणावर शेवटचा येण्याची पाळी येत नाही.

आपण ही गोष्ट ऐकली असती तर आपल्याला त्यातली माणुसकी दिसली असती. टायमिंगभाऊंना रजिस्टर दिसलं.

पुढच्याच रविवारी दारव्ह्यात सुरुवात झाली. शनिवार नको, शनिवारी मारुतीला जायचं असतं आणि निम्म्या गावाला उपास असतो. वेळ पहाटे साडेपाच, कारण आमच्याकडे मे महिन्यात सकाळी नऊला धावायचं म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाची नोंद होते. मोतीबाग स्टेशनाजवळ फक्कीची एक रेषा, तिथून पांदणीनं अडीच किलोमीटर बाहेर, एका वाकड्या बाभळीला हात लावायचा आणि परत. हार्डवेअरवाल्याकडून शंभर वायसर आणले. त्यांच्यावर आकडे ठोकायला लोहाराकडे गेले तेव्हा त्यानं विचारलं, 'बैलाच्या गळ्यात बांधाचे का?' भाऊंनी 'नाही, माणसाच्या हातात द्याचे' असं सांगितल्यावर तो बराच वेळ हातोडा तसाच धरून बसला होता म्हणे.

पहिल्या रविवारी सात माणसं आली. त्यातली दोन गाय शोधायला निघाली होती. भाऊंनी त्यांचीही वेळ लावली.

रजिस्टर मात्र पाहण्यासारखं आहे. उभ्या आडव्या लाल रेघा, डावीकडे अनुक्रमांक, उजवीकडे शेरा. प्रत्येक धावपटूला एक स्वतंत्र पान आणि त्या पानाला भाऊ 'सातबारा' म्हणतात. वरच्या भागात नाव, वय, पत्ता, म्हणजे सात. खालच्या भागात दर रविवारची वेळ, म्हणजे पीकपाणी, म्हणजे बारा. एखाद्या रविवारी माणूस आला नाही तर त्या रकान्यात 'पड' असं लिहितात. मुखपृष्ठावर लाल शाईनं 'अ वर्ग, कायम जतन'. बाहेरच्यांनी हसू नये. ज्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी लिहिल्या, त्यांना स्वतःच्या नावावर काहीतरी लिहायची ही पहिलीच संधी होती.

मी तिथं पहिल्यांदा गेलो तो कुतूहलानं. माझी वेळ ४१ मिनिटं १२ सेकंद आली. मी चहा पिताना सहज म्हटलं, 'मला वाटलं चाळिसच्या आत आलो असेन.' झालं. पुढच्या रविवारी माझ्या हातात छापील कागद. फेरफारासाठी अर्ज. त्यावर सही घेतली, मग स्टेशनाजवळच्या कडुनिंबाला नोटीस लागली: अमुक अमुक यांच्या वेळेबाबत कोणाची हरकत असल्यास १५ दिवसांच्या आत कळवावे. मी भाऊंना दोन वेळा सांगितलं की मला ४१ मान्य आहे, ४२ सुद्धा मान्य आहे. पण अर्ज दाखल झाला की तो मागं घ्यायलाही अर्ज लागतो. पंधराव्या दिवशी सुनावणी झाली. एका गुराख्यानं साक्ष दिली की सदर इसम बाभळीजवळ फोनवर बोलत उभा होता. निर्णय: वेळ कायम. शेरा: अर्जदाराने यापुढे पुराव्याशिवाय वाटू देऊ नये.

त्या दिवसापासून मला काही वाटत नाही.

टायमिंगभाऊंच्या स्वतःच्या कर्तबगारीचा विषय काढायचा नसतो, तो काढलेलाच असतो. 'किती झाल्या भाऊ?' हा प्रश्न दारव्ह्यात 'बरं आहे ना?' याऐवजी चालतो. आजमितीला २१२. पण २१२ असं ते सांगत नाहीत. ते सांगतात, २१२ गुणिले ५ म्हणजे १०६० किलोमीटर. यवतमाळ-मूर्तिजापूर ११३. म्हणजे ९ फेऱ्या पूर्ण झाल्या, दहावी चालू आहे, आणि 'सध्या मी मूर्तिजापूरहून निघून कारंजा सोडलं आहे. दीड-दोन महिन्यांत दारव्ह्याले येतो.' हे ते दारव्ह्यातच, आपल्या ओट्यावर बसून, चहा बशीत ओतताना सांगतात. एकदा घरी आलेल्या विमा एजंटानं ते खरं धरलं आणि तो 'काका बाहेरगावी आहेत तर नंतर येतो' म्हणून निघून गेला. शकुंतला बंद पडल्यावर त्या मार्गावर नियमित सेवा देणारे ते एकटेच उरले आहेत, आणि त्यांची सेवा तिच्यापेक्षा हळू आहे.

वेगाचं म्हणाल तर तो बेताचा. ३८-३९ मिनिटं. पण वयोगट म्हणून एक गोष्ट असते. साठीपुढच्या गटात ते एकटेच होते, तेव्हा दर रविवारी पहिले यायचे. मग एक निवृत्त गुरुजी येऊ लागले, वय ६४, टुकटुक करत ३४ मिनिटांत पोचायचे. दोन रविवार भाऊंनी सोसलं. तिसऱ्या रविवारी वयोगटांची पुनर्रचना झाल्याचं परिपत्रक निघालं. आता गट एकेका वर्षाचा आहे. ६३ मध्ये भाऊ पहिले, ६४ मध्ये गुरुजी पहिले. गुरुजी वर्गशिक्षक होते, त्यांना निकाल लावण्याची ही पद्धत नवी नव्हती. ते नुसतं हसले.

एकदा भाऊ २१ जणांत १९ वे आले. कोणीही गप्प बसलं असतं. त्यांनी त्या दिवशी मला थांबवून बेळगावच्या चौगुल्यांची आठवण करून दिली. १९२० चं अँटवर्प ऑलिंपिक, भारतातर्फे मॅरेथॉन धावलेले फडेप्पा दरेप्पा चौगुले, ४२ किलोमीटर, पावणेतीन तासांच्या थोडं वर, आणि क्रमांक? 'एकोणीस,' भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मी समजून घ्यावं. मी समजून घेतलं. शंभर वर्षांनी आपला माणूस तिथंच टिकून आहे.

पार्करनमध्ये २५, ५०, १०० अशा टप्प्यांना वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट असतात. आमच्याकडे ५० ला दुपट्टा आणि १०० ला फ्लेक्स. १०० वी धाव पहिल्यांदा भाऊंचीच झाली. चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लागला: 'दारव्ह्याची शान, शतकवीर' वगैरे. मध्यभागी भाऊ धावताना. खाली शुभेच्छुक म्हणून चार गोल फोटो. जवळ जाऊन पाहिलं तर चारपैकी एक भाऊच होते, टोपी घालून. विचारलं तर म्हणाले, 'चौथा भेटला नाही. जागा खाली ठेवता येते का?'

या सगळ्याला एक वेळ वेड म्हणता आलं असतं. पण मग वर्णमाला आली.

भाच्यानं फोनवर सांगितलं की तिकडे काही जण आद्याक्षरांचा संग्रह करतात. ए पासून झेडपर्यंत प्रत्येक अक्षरानं सुरू होणाऱ्या गावी जाऊन धावायचं. एक्स तेवढा सोडून देतात. भाऊंनी फोन ठेवला आणि जिल्ह्याचा नकाशा काढला. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. आर्णी, उमरखेड, कळंब, घाटंजी, झरी, दिग्रस, नेर, पुसद, बाभूळगाव, मारेगाव, राळेगाव, वणी... निम्मी वर्णमाला घरातच. तेव्हापासून नातेवाइकांच्या लग्नपत्रिका अक्षरानुसार लागतात. सख्ख्या मावसभावाच्या मुलाचं लग्न पांढरकवड्याला होतं. प पुसदला होऊन गेला होता, भाऊ गेले नाहीत. पुढच्याच आठवड्यात दूरच्या, बोलणंही नसलेल्या एका पाहुण्याकडे ढाणकीला कार्य निघालं, तर वहिनींना घेऊन आदल्या रात्रीच मुक्कामाला. ढ काही रोज मिळत नाही. पहाटे नवरदेवाचं घर झोपेत असताना मांडवातून पोपटी बूट बाहेर पडले. कोणीतरी अंधारात ओरडलं, 'चोर!' भाऊंनी त्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदवली: ३५ मिनिटं ५८ सेकंद.

अडचण पुढं आली. ण, ळ, ङ, ञ. या अक्षरांनी गावं सुरू होत नाहीत. मी म्हटलं, इंग्रजीत एक्स सोडतात तसं सोडून द्या. 'सोडून द्या म्हणजे? आपली वर्णमाला आहे भाऊ, मोकळी जमीन थोडीच आहे!' दोन महिने विचार करून त्यांनी ळ चा तोडगा काढला. ते यवतमाळला गेले आणि पाच किलोमीटर उलटे धावले, पाठीकडून. यवतमाळ उलटं वाचलं की ळ पासून सुरू होतं. रजिस्टरात तशी नोंद आहे, शेऱ्यात 'उलट टपाली' असा शब्द आहे, आणि मानेला मालीश केल्याचा ८० रुपयांचा खर्चही आहे.

ण अजून प्रलंबित आहे.

आता खरे धावणारे. पहाटे साडेचारला तुम्ही दारव्ह्यात, दिग्रसात, पुसदात, कुठंही बाहेर पडा, रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतील. अंगात बनियन, खिशात मोबाईल, अंधारात नुसता पायांचा आवाज. हे आरोग्यासाठी धावत नाहीत. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला ५० पैकी २० गुण. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आला तर पूर्ण वीस. एकेका सेकंदावर आई-बापाची दोन-दोन एकर कोरडवाहू टांगलेली असते. कापसाचा भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही, पायांचं टायमिंग तेवढं आहे. त्यांच्या फोनवर अविनाश साबळेचा फोटो असतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, बारावीनंतर सैन्यात गेला, धावायला लागला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११ सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. आमच्या पोरांना पदक दुय्यम आहे. 'बारावीनंतर सैन्यात' एवढं पुरतं.

रविवारी ही पोरं सराव म्हणून भाऊंच्या पाच किलोमीटरला येतात. भाऊ बाभळीपर्यंत पोचायच्या आत त्यांची पहिली तुकडी परत फिरलेली असते. जाता जाता 'काका, साइड!' अशी हाक येते आणि भाऊ काळ्या मातीत उतरतात. पावसाळ्यात ही माती प्रत्येक बुटाला अर्धा अर्धा किलो चिकटते. शेवटचा एक किलोमीटर ते कुंडीत पाय घालून आल्यासारखे येतात. पण राग नाही. रेषेपाशी पोचल्यावर आधी त्या पोरांना त्यांची वेळ वाचून दाखवतात, 'तुझं १८ मिनिटं ४, मागच्यापेक्षा ११ सेकंद कमी. गोळ्याकडे लक्ष दे आता.' मग स्वतःचा श्वास शोधतात.

मी एकदा रजिस्टर चाळत होतो. पहिला पोचलेला, असा एक रकाना आहे. त्यात एक नाव वीस-पंचवीस रविवार सलग येतं आणि मग एकदम थांबतं. मग दुसरं नाव. तेही थांबतं. ज्या रविवारी थांबलं तिथं 'पड' लिहिलेलं नाही. लाल शाईनं 'बदली' असं आहे, आणि पुढं ठिकाण: नागपूर, गडचिरोली, नाशिक, मुंबई. एका मुलीच्या नावापुढं जम्मू.

'हे चांगलं आहे की भाऊ,' मी म्हटलं.

'चांगलंच आहे नं. जे जोरात धावते ते इथं राहत नाही,' भाऊ म्हणाले. 'रजिस्टर भरते ते आपल्यासारख्यानं.' आणि पट्टी घेऊन पुढच्या पानावर रेघा मारू लागले. त्यांच्या रेघा फार सरळ येतात.

याच कारणानं २०२४ च्या फेब्रुवारीतला प्रसंग त्यांच्या मनाला लागला. पार्करनवाल्यांनी आपल्या संकेतस्थळावरून वेगाचे विक्रम काढून टाकले. कोण किती वेळा पहिला, कोणत्या मार्गावर सगळ्यात कमी वेळ कोणाची, ती सगळी यादी. नवख्यांना दडपण येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. तिकडेही पुष्कळ आरडाओरडा झाला. भाच्यानं ही बातमी पाठवली त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. 'दडपण आलं तर येऊ द्या की! पण अभिलेख नष्ट करायचा? समितीचा ठराव पाहिजे, यादी पाहिजे, मग निर्लेखन.' त्यांनी इंग्लंडला देण्यासाठी पत्र लिहिलं. सुरुवात 'उपरोक्त विषयान्वये' अशी होती. भाच्यानं ते भाषांतर करून पाठवतो म्हटलं आणि अजून पाठवतोच आहे. त्या रविवारी भाऊंनी रजिस्टरला दुसरं प्लास्टिकचं कव्हर घातलं.

आणि आता सदतीस.

हीसुद्धा भाच्याचीच देणगी. तिकडे म्हणे काही लोक सेकंद गोळा करतात. तुमची वेळ ३८ मिनिटं २१ सेकंद आली की २१ चा रकाना भरला. मिनिटांशी देणंघेणं नाही. शून्यापासून ५९ पर्यंत साठ रकाने, साठही भरले की संपलं. भाचा इंजिनियर, त्यानं गणित करून दिलं होतं: नशीब सरासरी असेल तर २८१ धावा लागतात. भाऊंनी २१२ मध्ये ५९ रकाने भरले. गणिताच्या जरा पुढंच. आता एकच रिकामा आहे, ३७ चा.

आणि त्यांना येतात ३६. पाच वेळा ३६ आले. आपल्याकडे छत्तीसचा आकडा म्हणजे काय ते सांगायला नको. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. भाऊ आणि ३७ यांचं नेमकं तसं झालं आहे.

मागचाच रविवार. मी रेषेजवळच्या दगडावर बसलो होतो. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीत, पदर डोक्यावरून, एका हातात मोबाईल, दुसऱ्यात वायसरांची दोरी, मांडीवर रजिस्टर, पायाशी चहाचा थर्मास. भाऊ पांदणीतून आले. वीस पावलांवर असताना त्यांनी उजव्या घड्याळाकडे पाहिलं आणि गती कमी केली. दहा पावलांवर आणखी कमी केली. रेषेपासून वीतभर अंतरावर ते थांबले. एक पाय जमिनीवर, दुसरा हवेत, बरोबर फक्कीच्या वर. डोळे मनगटावर. कपाळावरचा घाम भुवईत, भुवईतला नाकावर. सगळे गप्प. बत्तीस. तेहतीस. हवेतला पाय थरथरू लागला, पोपटी बुटाची नाडी सुटून लोंबत होती. चौतीस. पस्तीस.

मागून भरतीचा एक पोरगा आपली दुसरी फेरी संपवून येत होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्यानं पाहिलं की काका रेषेपाशी येऊन अडकले आहेत, पेटका आला असेल. पोरगा गुणी. 'काका, काऊन थांबले? चला नं, आलीच रेषा!' म्हणून त्यानं मायेनं पाठीवर हात ठेवला.

पाय टेकला.

'छत्तीस,' वहिनी म्हणाल्या.

'माझ्या घड्याळात सदतीस आहे!'

'छत्तीस.'

'अहो, एका सेकंदाचा तर प्रश्न आहे.'

'मंग फेरफाराचा अर्ज द्या,' वहिनी म्हणाल्या आणि वायसर त्यांच्या हातावर ठेवला.

त्या पोरग्याला भाऊ काही बोलले नाहीत. उलट त्याची वेळ वाचून दाखवली. पण चहा घेताना त्यांचा हात हलत होता, आणि कपबशीचा आवाज थेट कडुनिंबापर्यंत येत होता.

मी उगाच विषय बदलावा म्हणून वहिनींच्या मांडीवरचं रजिस्टर घेतलं आणि मागं मागं पाहत गेलो. भाऊंच्या २१२ धावा आहेत, पण रविवार झाले २१९. सात रविवार त्यांच्या नावापुढं 'पड' आहे. तीन चिकनगुनियाचे, एक मुलीच्या लग्नाचा (त्या पहाटे ते बूट घालून निघाले होते, व्याह्यांनी फाटकातून परत आणलं), बाकीचे असेच. ते सातही रविवार रजिस्टरात आहेत. माणसं आली, धावली, वेळा लागल्या, चहा झाला. अक्षर तेच. बारीक, डावीकडे झुकलेलं, सात थोडा लांबवून काढलेला. पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत एकच अक्षर.

'वहिनी, तुम्ही २१९ पैकी २१९?'

'हे पडले होते, पोरं थोडीच पडली होती,' वहिनी म्हणाल्या. 'आले असते न ते साडेपाचले.'

'मग तुमचा सातबारा कुठं आहे?'

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी घसा साफ केला. 'तो विभाग वेगळा आहे,' ते म्हणाले. 'त्या आस्थापनेत येतात.'

पार्करनमध्ये घड्याळ धरणाऱ्यांच्या, क्रमांक देणाऱ्यांच्या आणि मागं चालणाऱ्यांच्याही हजेऱ्या मोजतात, त्यांनाही टप्प्याचे टी-शर्ट असतात, हे भाच्यानं भाऊंना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. ते प्रकरण विचाराधीन आहे. चार वर्षं झाली. मी त्यांना तसं म्हटलं तेव्हा वहिनीच मध्ये पडल्या. 'मले कायले पाहिजे नंबर? मी काही धावून राहिली का? बसली तर आहे.' आणि थर्मासचं झाकण लावलं. पण परवा मी पाहिलं, रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पट्टी लावून रेघा मारून ठेवल्या आहेत. वर नाव नाही. रेघा फार सरळ आहेत. अनुक्रमांक १ ते २१९ घालून झाले आहेत.

तुम्ही कधी दारव्ह्यावरून रविवारी पहाटे जात असाल तर मोतीबागेपाशी जरूर थांबा. पैसे लागत नाहीत, चपलेवर धावलं तरी चालतं, नुसतं चाललं तरी चालतं, चहा वहिनींचा. दोनच गोष्टी सांभाळा. आपल्या वेळेबद्दल आपल्याला काय वाटलं ते बोलू नका. आणि रेषेजवळ एखादा माणूस एका पायावर उभा दिसला तर त्याला मदत करू नका. सदतीस अजून यायचा आहे.